‘थांबा’ हा शब्द कोणास उद्देशून?

(१)

मराठीत ‘थांबा’ हे रूप दोन प्रकारे सिद्ध होते. एक नाम आहे. गाडी जेथे थांबते त्या ठिकाणास आपण थांबा म्हणतो. दुसरे ‘थांबणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी, अनेकवचनी किंवा आदरार्थी रूप आहे. रस्त्याकडेच्या फलकावर ‘एस. टी. थांबा’ ही अक्षरे वाचताना त्यांतील ‘थांबा’ हे नाम आहे याविषयी वाचकाच्या मनात संदेह उत्पन्न होत नाही. तथापि त्या फलकाखाली प्रत्यक्ष जो व्यवहार चालतो तो आज्ञार्थाचाच असतो. तेथे कोणीतरी कोणाला तरी थांबावयास सांगत असते. ही आज्ञा गाडीस आहे की प्रवाशास, हा प्रश्न वरवर शब्दच्छलाचा वाटेल. परंतु ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, किंवा चार पावले घाईने टाकता येत नाहीत, अशा माणसाचे त्या दिवशी घरी पोचणे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील, म्हणजे स्थूलमानाने रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या, एस. टी. थांब्यांचा एक संकेतव्यवस्था म्हणून विचार करावयाचा आहे. थांब्याची सुगम्यता हा विषय सामान्यतः स्थापत्यशास्त्राच्या स्वाधीन केला जातो. उतार किती असावा, चौथरा किती उंच असावा, चाकांच्या खुर्चीस वळावयास किती जागा लागते, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु थांब्यावर या सर्वांच्या आधी एक संभाषण घडावे लागते. गाडी ‘मी अमुक ठिकाणी जाणारी’ असे सांगते, प्रवासी ‘मला यावयाचे आहे’ असे सांगतो, आणि मग गाडी उभी राहते. हे संभाषण फसले की उत्तम बांधलेला चौथराही निरुपयोगी ठरतो. भाषाभ्यासकाने या विषयात लक्ष घालण्याचे प्रयोजन एवढेच.

(२)

प्रवाशाने गाडी ओळखावयाची म्हणजे नेमके काय ओळखावयाचे? फर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत याविषयी एक मार्मिक दृष्टांत आहे. जिनीव्हाहून पॅरिसला जाणारी रात्रीची ठरावीक वेळची आगगाडी आपण रोज ‘तीच’ गाडी म्हणून ओळखतो. वस्तुतः तिचे इंजिन, डबे आणि नोकरवर्ग हे सारे बदललेले असू शकते. तरीही ती तीच राहते, कारण तिची ओळख तिच्या द्रव्यात नसून सुटण्याची वेळ, मार्ग आणि इतर गाड्यांहून असलेला तिचा वेगळेपणा यांत असते. भाषेतील चिन्हांचेही तसेच आहे, असे सोस्यूरला म्हणावयाचे होते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. तेव्हापासून खेड्यापाड्यांतील प्रवाशांनी एस. टी. अशाच रीतीने ओळखली आहे. ‘सकाळची मुरुड’, ‘शाळेची गाडी’, ‘वस्तीची गाडी’ ही नावे गाडीची नसून वेळापत्रकातील एका स्थानाची आहेत. ज्याला गाव माहीत आहे आणि गावाला जो माहीत आहे, त्याला फलक वाचण्याची सहसा गरज पडत नाही. उजाडताना आली ती अमकी, दिवेलागणीला आली ती तमकी, हे त्याला पाठ असते. अंध प्रवासीही या ज्ञानाचा वाटेकरी असतो, किंबहुना त्याच्या दृष्टीने हेच ज्ञान सर्वांत भरवशाचे असते.

परंतु गाडीस उशीर झाला की ही ओळख ढासळते. पावसाळ्यात झाड पडले, वाहतूक तुंबली, एक फेरी रद्द होऊन दुसरी तिच्या वेळेवर आली, की वेळेवरून गाडी ओळखता येत नाही. अशा प्रसंगी ओळखीचे एकच साधन शिल्लक राहते, आणि ते म्हणजे गाडीच्या कपाळावरची पाटी. संकेतव्यवस्थेची खरी परीक्षा अशाच वेळी होते, आणि अशाच वेळी ती व्यवस्था केवळ डोळ्यांच्या भरवशावर सोडलेली असते.

(३)

ही पाटी कशी आहे, ते पाहू. मुंबईतील बेस्टच्या गाड्यांना मार्गक्रमांक असतात, एस. टी.च्या ग्रामीण गाड्यांच्या बाबतीत शेवटच्या गावाचे नाव हीच गाडीची संज्ञा होय. म्हणून दोन नावे किती दूरवरून एकमेकांहून वेगळी दिसतात, या प्रश्नास येथे व्यावहारिक महत्त्व प्राप्त होते.

अलिबागेहून उत्तरेस रेवसला गाडी जाते आणि दक्षिणेस रेवदंड्याला जाते. दिशा परस्परविरुद्ध, पण दोन्ही नावांची पहिली दोन अक्षरे एकच. देवनागरीत शिरोरेषेमुळे शब्द दुरून एकसंध पट्टीसारखा दिसतो, आणि भेद दाखविणाऱ्या मात्रा व अनुस्वार त्या पट्टीच्या वरखाली बारीक आकारात राहतात. दृष्टी मंद असलेल्या माणसाला ‘रेव’ एवढे दिसले तर त्याला काहीच कळले नाही असे होते. बोर्ली या नावाची स्थिती याहून बिकट आहे. मुरुड तालुक्यात बोर्ली मांडला आहे आणि श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतन. पाटीवर नुसते ‘बोर्ली’ लिहिले तर डोळे शाबूत असूनही अर्थ संदिग्धच राहील. मुरुडला अलिबागेकडून रेवदंड्यावरून जाता येते, तसेच रोह्याकडूनही जाता येते. मधल्या गावच्या माणसाला ‘मुरुड’ या नामापेक्षा ‘मार्गे’ या शब्दापुढचा मजकूर अधिक मोलाचा असतो. पाटीवर मात्र हाच मजकूर बहुधा सर्वांत लहान अक्षरांत लिहिलेला असतो.

डोळ्यांच्या बाबतीत जे रेवस-रेवदंडा, तेच कानांच्या बाबतीत नागाव-नांदगाव. अलिबाग-मुरुड या एकाच रस्त्यावर ही दोन्ही गावे आहेत, एक अलिबाग तालुक्यात आणि दुसरे मुरुड तालुक्यात. इंजिनाच्या आवाजात वाहकाने हाक दिली असता या दोन नावांतील भेद एका अनुनासिकावर आणि एका ‘द’वर येऊन ठेपतो. ज्याला कमी ऐकू येते त्याने कोठे उतरावे?

वाचक एकाच जातीचा असतो, असेही येथे गृहीत धरता येत नाही. याच रस्त्यावरील कोर्लई गावात पोर्तुगीज भाषेपासून घडलेली एक मिश्रभाषा घराघरांत बोलली जाते. डोंगराकडच्या वाड्यांतून कातकरी येतात. सुटीच्या दिवसांत देवनागरी न वाचणारे प्रवासीही येतात. पाटी वाचता न येणाऱ्यांत केवळ अंधांचीच गणना करणे चुकीचे होईल.

निवाऱ्यांच्या भिंतींवरही मजकूर असतो. तो कोणाच्या निधीतून बांधला, कोणाच्या प्रयत्नाने बांधला, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, हे पुष्कळ ठिकाणी ठळक अक्षरांत असते. गावाचे नाव असलेच तर त्याहून लहान असते, आणि येथून कोणत्या गाड्या कोणत्या दिशेस जातात याचा उल्लेख क्वचितच आढळतो. अशा लेखनाचा श्रोता कोण, असा प्रश्न विचारला तर ‘प्रतीक्षा करणारा प्रवासी’ हे उत्तर देता येणार नाही.

(४)

आता प्रवाशाच्या बाजूकडील संकेत पाहू. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ ही घोषणा महाराष्ट्राला चिरपरिचित आहे. तिच्यामागील हेतू उदार आहे. थांबा नसलेल्या जागीही साध्या गाडीत चढण्याचा मार्ग तिने खुला केला. पण तिच्या व्याकरणाकडे लक्ष द्यावे. ‘थांबणे’ हे अकर्मक आहे, ‘थांबवणे’ हे प्रयोजक. या वाक्यात गाडी स्वतः थांबत नाही, तिला थांबविण्यात येते, आणि प्रयोजक कर्ता आहे प्रवासी. थांबविण्याची जबाबदारी अशा रीतीने त्याच्याकडे येते. हात दाखविला नाही, वेळेवर दाखविला नाही, भलत्याच गाडीस दाखविला, तर दोष प्रयोजकाचा. विनंती-थांब्यावरही हाच न्याय चालतो.

ही जबाबदारी पार पाडणे कितपत शक्य आहे, हे अंकगणिताने तपासता येते. गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर ती सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर तोडते. चालकाने हात पाहून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंत दीड सेकंद गेला असे मानू. तेवढ्यात १७ मीटर गेले. उभे प्रवासी कोलमडू नयेत इतक्या बेताने गाडी थांबवावयाची, म्हणजे दर सेकंदास वेग सेकंदामागे दीड मीटरने कमी करावयाचा, तर आणखी सुमारे ४१ मीटर लागतात. एकूण ५८ मीटर. म्हणजे गाडी थांब्यापासून साठेक मीटर दूर असतानाच हात वर झाला पाहिजे. पाटी मात्र, समजा, ३० मीटरवरून वाचता येते. याचा अर्थ असा की प्रवाशाने वाचण्यापूर्वीच हात दाखविला पाहिजे. व्यवस्था ज्या क्षणी उत्तर मागते त्या क्षणी प्रश्न अद्याप विचारलाच गेलेला नसतो. डोळस माणसे गाडी येताना दिसली की सरसकट हात करतात आणि ती जवळ आल्यावर पाटी वाचून मागे सरतात, याचे कारण हेच होय. चौल-रेवदंड्याच्या बाजूस नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता अरुंद आहे. तेथील वळणांवर साठ मीटरपर्यंत दृष्टी पोचणेही नेहमी शक्य नसते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अल्पदृष्टीची मर्यादा ६/१८ पासून सुरू होते. सामान्य डोळ्याला जे १८ मीटरवरून दिसते ते अशा माणसाला ६ मीटरवरून दिसते. म्हणजे ३० मीटरवरची पाटी त्याला १० मीटरवर वाचता येईल, आणि तेवढे अंतर कापावयास गाडीस एक सेकंदही लागत नाही. पूर्ण अंध माणसाला तर प्रयोजक होण्याची संधीच नाही. त्याने इंजिनाच्या आवाजावरून हात करावा, तर जाणारी प्रत्येक मालमोटार त्याला फसवील.

(५)

ध्वनिविचारात पूरक विनियोग नावाची एक संकल्पना आहे. दोन ध्वनी कधीच एका परिसरात येत नाहीत. एक जेथे येतो तेथे दुसरा येत नाही. एस. टी.च्या संकेतांत असाच विनियोग आढळतो. गाडीच्या आत ध्वनीचे राज्य आहे: एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, पुढच्या गावाचे नाव वाहक तोंडाने सांगतो. गाडीबाहेर, वाटेवरच्या थांब्यावर, दृष्टीचे राज्य आहे: पाटी आणि हात. परिणामी अंध माणूस बाहेर असहाय असतो आणि कर्णबधिर माणूस आत. मोठ्या स्थानकांवर आणखी एक भेद दिसतो. तेथे नियम लिहिलेला असतो आणि अपवाद उच्चारलेला. वेळापत्रक भिंतीवर रंगविलेले असते, पण फेरी रद्द झाल्याची किंवा फलाट बदलल्याची वार्ता ध्वनिक्षेपकावरून येते. कर्णबधिर प्रवासी भिंतीवरचा नियम प्रमाण मानून उभा राहतो आणि गाडी दुसऱ्या फलाटावरून निघून जाते.

या विनियोगाचा भंग करणे हीच, माझ्या मते, सुगम्यतेची पहिली पायरी आहे. आणि त्यासाठी आदर्श दूर शोधावयास नको, तो आपल्या भाषेतच आहे. ‘ती मोठी मुलगी आली’ या वाक्यात स्त्रीलिंग किती वेळा सांगितले आहे? सर्वनामात, विशेषणात, नामात आणि क्रियापदात, असे चार वेळा. वाऱ्याने यांतील एखादे पद उडविले तरी लिंग कळते. साहित्यशास्त्रात पुनरुक्ती हा दोष मानला गेला. भाषेच्या रचनेत मात्र ती अर्थाच्या रक्षणाची तरतूद आहे. थांब्यानेही आपले प्रत्येक विधान किमान दोन इंद्रियांना सांगावयास हवे. एकाच इंद्रियाला सांगितलेली गोष्ट अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यासारखी असते.

(६)

वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी अवश्य आहेत, असे अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात सांगितले आहे. एकेका प्रहराच्या अंतराने उच्चारलेल्या पदांचे वाक्य होत नाही, हा त्यातील संनिधीच्या अभावाचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. आज सुचविल्या जाणाऱ्या उपायांना हीच कसोटी लावून पाहू.

पायांना जाणवणाऱ्या उठावाच्या फरश्या सेइची मियाके यांनी १९६५ साली शोधल्या आणि १९६७ साली जपानमधील ओकायामा येथे प्रथम बसविल्या. या फरश्या ‘तुम्ही योग्य जागी आला आहात’ असे पायांना सांगतात. परंतु गाडी जर त्या जागेच्या वीस पावले पुढे किंवा मागे थांबणार असेल, तर फरशीचे विधान आणि गाडीचे वर्तन यांत योग्यता उरत नाही. फरशी बसविणे हे अर्धे काम झाले. गाडीचे दार त्या फरशीसमोरच आणण्याची शिस्त हे उरलेले अर्धे.

दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ‘ऑनबोर्ड’ नावाचे एक साधन विकसित झाले असून मुंबईत बेस्टच्या काही गाड्यांवर त्याची चाचणी झाली आहे. प्रवाशाने हातातील यंत्राची कळ दाबली की जवळ आलेल्या गाडीचा क्रमांक त्याला ऐकू येतो, आणि निवड केल्यावर गाडीच्या दाराशी बसविलेला ध्वनिक्षेपक बोलू लागतो. आवाज दाराशीच होत असल्यामुळे दार कोठे आहे हेही कळते. येथे संनिधी उत्तम साधली आहे. परंतु संभाषण सुरू करण्याचा भार येथेही प्रवाशावरच आहे, आणि ज्याच्याजवळ यंत्र नाही त्याला गाडी काहीच सांगत नाही. गाडीचा ठावठिकाणा सांगणाऱ्या मोबाइल ॲपबद्दलही हेच म्हणावे लागेल. ही साधने स्वागतार्ह आहेत. मात्र ती व्यवस्थेच्या बोलण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की आपल्या खेड्यांत माणसे एकमेकांना मदत करतात, शेजारी उभा असलेला माणूस गाडी सांगतो, हात दाखवितो, चढावयास आधार देतो. मग हा खटाटोप कशाला? आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण शेजाऱ्याची मदत थांबा गजबजलेला असतानाच मिळते. भर दुपारी, मुसळधार पावसात किंवा शेवटच्या गाडीच्या वेळी थांब्यावर एकच माणूस उभा असतो, आणि व्यवस्थेची कसोटी त्याच एका माणसावर लागते. शिवाय जो माणूस जन्मभर दुसऱ्याला विचारूनच गाडीत चढतो, त्याच्या स्वातंत्र्याचे काय? महामंडळाने दिव्यांगांस भाड्यात ७५ टक्के सवलत दिली आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. या सवलतींचे मोल मोठे आहे, पण त्या साऱ्या गाडीत चढल्यानंतर लागू होतात.

(७)

२०१६ च्या अधिनियमाच्या ४१ व्या कलमात बसथांब्यांचा नामनिर्देश आहे. मात्र तेथील सुविधांची यादी वाहनतळ, स्वच्छतागृह, तिकीटखिडकी आणि तिकीटयंत्र अशी आहे. बोर्ली किंवा काशीदच्या रस्त्याकडेच्या थांब्यावर यांतील एकही वस्तू नसते. म्हणजे कलम अक्षरशः पाळूनही तेथील प्रवाशाच्या पदरात काही पडत नाही. त्याच अधिनियमातील संप्रेषणाची व्याख्या मात्र विलक्षण व्यापक आहे. तीत ब्रेल, स्पर्शसंकेत, मोठी अक्षरे, ध्वनी, संकेतभाषा यांच्याबरोबर वाचून दाखविणाऱ्या माणसाचाही समावेश होतो. थांब्याचा विचार ४१ व्या कलमापुरता मर्यादित न ठेवता या व्याख्येच्या प्रकाशात व्हावयास हवा.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात २०१७ च्या नियमावलीतील १५ वा नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला, कारण मूळ कायदा बंधनकारक भाषा बोलत असता नियमाने सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक करून ठेवली होती. मराठीत बोलावयाचे तर हा ‘असावे’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतील भेद आहे. क्रियापदाच्या अर्थातील हा फरक आपण वर्गात शिकवितो. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तोच गाडी मिळण्या-न मिळण्याचा फरक ठरू शकतो.

मग ‘असलेच पाहिजे’ या सदरात किमान काय यावे? पहिले, थांब्यावर माणूस उभा दिसला की हात दाखविला नसला तरी साध्या गाडीने थांबावे. थांबणे हा नियम आणि न थांबणे हा अपवाद. दुसरे, गाडी थांबताच वाहकाने दारातून गंतव्य आणि मार्ग ही दोन्ही पदे मोठ्याने उच्चारावी: ‘मुरुड, मार्गे रेवदंडा’. वाचून दाखविणारा माणूस गाडीत आधीच आहे. त्याच्याकडून वाचन घडवावयास यंत्र लागत नाही. तिसरे, दार नेहमी एकाच जागी यावे आणि ती जागा पायांना कळावी. चौथे, गावाचे नाव रस्त्याकडून आणि गाडीच्या खिडकीतून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत असावे, आणि हाताच्या उंचीवर ते भारती ब्रेलमध्ये व उठावाच्या अक्षरांतही असावे. पाचवे, दाराशेजारी जवळून वाचण्याजोगी दुसरी पाटी असावी, आणि रेवस-रेवदंड्यासारख्या जोड्यांना रंगाचा व आकाराचा भेद द्यावा. सहावे, स्थानकावर जे उच्चारले जाते ते त्याच क्षणी लिहिलेही जावे, आणि गाडीच्या आत पुढच्या गावाचे नाव डोळ्यांनाही दिसावे.

यांतील पहिल्या दोन गोष्टींस सिमेंट लागत नाही, निविदा लागत नाही; चालक-वाहकांचे प्रशिक्षण आणि एक परिपत्रक एवढे पुरते. त्यांचा लाभही केवळ दिव्यांगांपुरता राहणार नाही. चष्मा विसरलेली आजी, अक्षरओळख नसलेला मजूर, पावसाच्या पडद्याआड उभी असलेली शाळकरी मुलगी, परगावचा पाहुणा, हे सारे त्याच एका हाकेने गाडीपर्यंत पोचतील.

आज ‘थांबा’ हे पद प्रवाशास उद्देशून आहे, असाच निष्कर्ष वरील विवेचनावरून निघतो. त्याने थांबावे, पाहावे, ओळखावे, हात करावा आणि चुकले तर पुन्हा थांबावे. ते पद गाडीस उद्देशून म्हटले जाईल, तेव्हाच त्या फलकावरचे नाम सार्थ होईल.